केर-लादी करणारा रोबो: पास्कल नंतर, आधी फरशी बघा

रोबो व्हॅक्यूमच्या जाहिरातीत सगळ्यात ठळक अक्षरांत छापलेला असतो पास्कलचा आकडा. ५,०००, १०,०००, आणि हल्ली तर २०,००० च्याही पुढे. हा आकडा आतला पंखा किती ओढ निर्माण करतो ते सांगतो, पण सहसा तो हवेची वाट बंद करून मोजलेला असतो. केर उचलला जातो तो वाहत्या हवेने, आणि किती हवा वाहील हे ब्रशखालची फट, फिल्टरची अवस्था आणि डब्यात साचलेला कचरा यांवर ठरतं. गुळगुळीत टाइल्सवरचे केस, धूळ, कुरमुरे आणि तांदळाचे दाणे उचलायला २,००० ते ३,००० पास्कल पुरतात. त्यापुढची ताकद लागते जाड गालिच्यासाठी. आपल्या घरांत जाड गालिचा असलाच तर टीपॉयखालच्या तुकड्याएवढा.

म्हणजे ज्या आकड्यावर किंमत चढते, त्याचा आपल्याला फारसा उपयोग नाही. हे यंत्र रोज चालेल की महिन्याभरात कपाटाच्या वर जाऊन बसेल, हे ठरवणाऱ्या गोष्टी खोक्यावर छापलेल्या नसतात, कारण त्या आपल्या घरात असतात: उंबरठ्यांची उंची, फरशीचा रंग, सोफ्याखालची जागा, जमिनीवरच्या वायरी आणि नळाचं पाणी.

चकतीच्या आत

बहुतेक रोबो साधारण ३५ सेंटिमीटर व्यासाचे आणि ८ ते १० सेंटिमीटर उंच असतात. खाली दोन मोठी चाकं, प्रत्येकाला स्वतंत्र मोटर. दोन्ही सारख्या वेगाने फिरली की यंत्र सरळ जातं, उलट दिशांना फिरली की जागच्या जागी वळतं. पुढे एक छोटं मोकळं चाक. मधोमध आडवा मुख्य ब्रश, त्याची काम करणारी रुंदी साधारण १८ ते २० सेंटिमीटर. कडेला एक किंवा दोन फिरत्या पिसांचे ब्रश, जे भिंतीलगतचा केर मुख्य ब्रशच्या वाटेत ढकलतात. मागे ३०० ते ५०० मिलिलिटरचा कचऱ्याचा डबा, त्याला लागून फिल्टर आणि त्यामागे पंखा. पुढच्या अर्ध्या गोलावर बंपर असतो. तो दाबला गेला की कशाला तरी धडकलो हे यंत्राला कळतं.

मुख्य ब्रश एका फेरीत जेमतेम २० सेंटिमीटर पट्टा झाडतो, तोही शेजारच्या पट्ट्यावर थोडा चढवून. वळणं, खुर्च्यांचे पाय, कोपरे धरले तर मिनिटाला एक चौरस मीटर हा हिशेब व्यवहारात जुळतो. ६०० चौरस फूट कार्पेट एरियाच्या घरात पलंग-कपाटांनी व्यापलेली जागा आणि मोरी-संडास वगळले की ३५ ते ४० चौरस मीटर उरतात. त्याला पाऊण तास लागला तर रोबो रेंगाळतोय असं समजू नका, त्याचा वेगच तेवढा.

नकाशा कसा बनतो

घराघरांत विकायला म्हणून आलेलं पहिलं असं यंत्र स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सचं, २००१ सालचं ट्रायलोबाइट. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या आयरोबॉट कंपनीने रूम्बा आणला आणि तो खपला. त्या काळच्या रूम्बाकडे नकाशा नव्हता. सरळ जायचं, धडकलं की कोन बदलायचा, परत सरळ जायचं. पुरेसा वेळ दिला की बहुतेक जमिनीवरून तो कधी ना कधी जायचा, पण एक कोपरा तीनदा आणि दुसरा एकदाही नाही, असंही व्हायचं. आजही सर्वांत स्वस्त मॉडेल्स याच्याच आसपास आहेत. फार तर त्यांत जायरोस्कोप, म्हणजे किती वळलो हे मोजणारा सेन्सर, असतो, त्यामुळे ती सरळ रेषा जरा नीट धरतात.

खरी अडचण अशी: आपण कुठे आहोत हे कळायला नकाशा हवा आणि नकाशा काढायला आपण कुठे आहोत हे कळायला हवं. दोन्ही एकदम करण्याच्या पद्धतीला स्लॅम म्हणतात. रोबो ती अशी पार पाडतो. चाकं किती वेळा फिरली हे मोजून तो आधी अंदाज बांधतो की मी इतका पुढे आलो. या अंदाजात चूक साठत जाते. चाक ओल्या फरशीवर घसरतं, सतरंजीवर रुततं. दिशेत फक्त एक अंशाची चूक झाली तरी ५ मीटर गेल्यावर तो जवळजवळ ९ सेंटिमीटर बाजूला सरकलेला असतो, आणि अशा चुका दर वळणाला होतात.

त्या सुधारायला डोक्यावरचा गोल मनोरा, म्हणजे लायडार. त्यात डोळ्यांना न दिसणारा, निरुपद्रवी वर्गातला लेसर असतो आणि त्याच्या शेजारी, थोड्या अंतरावर, सेन्सर. लेसरचा ठिपका भिंतीवर पडतो, सेन्सर तो तिरका पाहतो. भिंत जवळ असली तर ठिपक्याची प्रतिमा सेन्सरवर जास्त सरकते, लांब असली तर कमी. त्या सरकण्यावरून अंतर काढता येतं. मनोरा सेकंदाला साधारण पाच फेऱ्या मारतो. दर अंशाला एक मोजमाप धरलं तरी सेकंदाला १,८०० अंतरं मिळतात. ही ताजी आकृती आधीच्या नकाशावर सरकवून, फिरवून कुठे चपखल बसते ते बघायचं, आणि बसली की चाकांच्या अंदाजातली चूक पुसून टाकायची. घरगुती यंत्रात हे तंत्र २०१० मध्ये नीटो कंपनीच्या एक्सव्ही-११ मध्ये आलं. आयरोबॉटने २०१५ च्या रूम्बा ९८० मध्ये वेगळी वाट धरली. त्यात लेसरऐवजी वर पाहणारा कॅमेरा होता, जो छताचे कोपरे, दारांच्या चौकटी, भिंतीवरच्या तसबिरी अशा खुणा लक्षात ठेवतो. कॅमेऱ्याला उजेड लागतो. लायडार रात्री अंधारातही तितकाच चालतो, आणि मध्यम किमतीत आज तोच सर्वत्र दिसतो.

नकाशा तयार असला की रोबो आधी खोलीच्या कडेने एक फेरी मारतो आणि मग आतला भाग नांगराच्या तासांसारखा, एका टोकाला जाऊन वळून शेजारून परत येत, झाडत जातो.

चालू असताना रोबोला उचलून दुसऱ्या खोलीत ठेवू नका. चाकांच्या हिशेबाने तो अजून आधीच्याच खोलीत असतो आणि लेसर भलतीच खोली दाखवतो. चांगली मॉडेल्स जागच्या जागी फिरून नव्या आकृतीचा नकाशाशी मेळ घालतात. साधी मॉडेल्स जुन्या नकाशावरच नव्या भिंती काढून ठेवतात, आणि मग ॲपमध्ये घराला नसलेली खोली फुटते. असं झालं तर दुरुस्तीच्या नादी न लागता नकाशा पुसून पुन्हा काढणं सोपं.

लेसरला न दिसणारं

लायडार जमिनीपासून साधारण ९ सेंटिमीटर उंचीवर एका सपाट पातळीत बघतो. त्या पातळीखालचं काहीच त्याला दिसत नाही. चपला, मोबाइलच्या चार्जरची वायर, पायपुसण्याचे झुपके, पोरांचे मोजे, लेगोचे तुकडे, जमिनीवर लोळणारा ओढणीचा शेव: हे सगळं त्याच्या लेखी नसतंच. म्हणून महाग मॉडेल्सच्या पुढे कॅमेरा किंवा आकृती उमटवणारा लेसर असतो, जो समोरच्या बुटक्या वस्तूंचा आकार ओळखतो. तो चपला बहुतेकदा टाळतो. फरशीच्याच रंगाची बारीक वायर मात्र त्यालाही चकवते, आणि वायर मुख्य ब्रशमध्ये गेली की ब्रश दोन फेऱ्यांत जाम होऊन रोबो मदतीला हाक मारतो.

काच आणि आरसा ही दुसरी गोष्ट. काचेतून लेसर आरपार जातो, म्हणून बाल्कनीच्या सरकत्या दारापलीकडची बाल्कनी नकाशात घराचाच भाग बनते. आरशात तो परावर्तित होतो आणि जमिनीपर्यंत आरसा असलेल्या कपाटामागे आणखी एक खोली दिसू लागते. रोबो तिथे जायला निघतो, आरशाला धडकतो, परत प्रयत्न करतो. उपाय दोन. ॲपमध्ये त्या रेषेवर आभासी भिंत आखा, किंवा आरशाच्या खालच्या भागावर, जमिनीपासून ७ ते १२ सेंटिमीटरच्या पट्ट्यात, अपारदर्शक चिकटपट्टी लावा.

तिसरी गोष्ट पावसाळ्यात हमखास होते. हॉलमध्ये कपडे वाळत घालायचा स्टँड येतो आणि त्याचे खालचे आडवे गज जमिनीपासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर उंच असतात. रोबोला ते अडथळा वाटत नाहीत, चढता येणारी पायरी वाटतात. तो चढतो, पोट गजावर टेकतं, चाकं हवेत फिरत राहतात. पेडेस्टल पंख्याच्या गोल बैठकीचं आणि पायांऐवजी वाकवलेला पाइप असलेल्या खुर्चीचं तेच. अशा वस्तूंभोवती प्रवेशबंद चौकोन आखलेला बरा.

सोफ्याखालची उंची टेपने मोजा. रोबो ९.७ सेंटिमीटर उंच असेल आणि सोफ्याखाली १२ सेंटिमीटर असतील तर प्रश्न नाही, ८ सेंटिमीटर असतील तरीही नाही, कारण तो आत शिरणारच नाही. तापदायक असतं ते ९.७ ते १० सेंटिमीटरचं अंतर. पुढून तो आत घुसतो, मधे सोफा जरा खाली आलेला असतो, आणि पाचर ठोकल्यागत अडकतो.

कडप्पा, शहाबादी आणि उंबरठा

रोबोच्या पोटाखाली काठाशी चार ते सहा छोटे सेन्सर असतात. प्रत्येक सेन्सर खाली अवरक्त प्रकाश टाकतो आणि परत किती आला ते बघतो. प्रकाश परत आला तर खाली जमीन आहे, नाही आला तर जिना आहे, मागे फिर. यंत्रातला हा सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगी भाग. पण काळा रंग हा प्रकाश गिळतो. काळा ग्रॅनाइट, जुन्या घरांतला काळा कडप्पा, गडद रंगाची सतरंजी यांच्यावर रोबोला समोर खड्डा भासतो आणि तो पाऊल टाकत नाही. पांढऱ्या टाइल्सच्या हॉलला काळ्या पट्टीची किनार असेल तर तो किनारीच्या आतच गोल गोल फिरतो.

इंटरनेटवर यावर एक तोडगा सर्रास सांगितला जातो: सेन्सरवर पांढरी किंवा चांदीची चिकटपट्टी लावा. रोबो काळ्या फरशीवर चालू लागतो हे खरं. पण त्याला जिनाही दिसेनासा होतो. एकाच पातळीवरच्या, आत कुठेही पायरी नसलेल्या फ्लॅटमध्ये, मुख्य दार बंद असताना ठीक. डुप्लेक्समध्ये किंवा माळा असलेल्या घरात अजिबात नको. घरात काळी फरशी बरीच असेल तर विकत घेण्याआधी ते मॉडेल काळ्या दगडावर चालवून बघायला मागा. या बाबतीत मॉडेलमॉडेलमध्ये फार फरक असतो.

शहाबादी फरशीची अडचण रंगाची नाही, सांध्यांची. दोन लाद्यांमधले सांधे खोल आणि फरशा खालीवर असतात. कडेचा ब्रश बारीक माती सांध्यात ढकलतो आणि मुख्य ब्रश वरून निघून जातो. अशा फरशीवर केरसुणीच बरी.

उंबरठ्याचं गणित सरळ आहे. बहुतेक रोबो २ सेंटिमीटरपर्यंत चढतात. अलीकडच्या महाग मॉडेल्सपैकी काही स्वतःची चाकं उचलून ४ सेंटिमीटरपर्यंतही जातात. आपल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि ड्राय बाल्कनीच्या दारात ग्रॅनाइटची पट्टी असते, ती कधी दीड तर कधी अडीच सेंटिमीटर भरते. अडीच असेल तर दोन्ही बाजूंना रबराचा किंवा लाकडाचा छोटा उतार बसवा, निदान १० सेंटिमीटर लांबीचा. त्याहून आखूड केला तर चढ उभा होतो आणि चाकं घसरतात. मोरी-बाथरूमची जमीन खाली असते, तिथे रोबो काठावरून मागे फिरतो. तरी दार लावून घेणंच चांगलं, कारण ओल्या जाळीशी त्याचं काही काम नाही.

पुसणं

केर काढण्यात हे यंत्र चांगलं आहे. पुसण्यात ते तितकं चांगलं नाही. फडक्यावर पडणारा भार साधारण ६ ते १२ न्यूटन, म्हणजे एका किलोच्या आगेमागे. गुडघ्यावर बसून लादी घासणाऱ्या हाताचा जोर याच्या कितीतरी पट असतो. रोजची धूळ, पावलांचे ठसे, ताजा सांडलेला चहा निघतो. वाळलेली डाळ आणि ओट्यापुढचा फोडणीच्या तेलाचा थर निघत नाही, पसरतो.

स्वस्त मॉडेल्समध्ये मागे ओलं फडकं नुसतं ओढलं जातं. खोलीभर तेच फडकं, म्हणजे पहिल्या पाच मिनिटांनंतर मळलेल्या फडक्याने पुसणं चालू. दुसरा प्रकार थरथरणाऱ्या फडक्याचा, मिनिटाला ३,००० वेळा मागेपुढे. तिसऱ्यात दोन गोल फडकी मिनिटाला साधारण १८० वेळा फिरतात. चौथा, अलीकडचा प्रकार म्हणजे फिरता रूळ. त्यावर सतत ताजं पाणी पडतं आणि मळलेलं पाणी खरवडून वेगळ्या टाकीत जातं. आमच्या मते पुसण्यासाठीच रोबो घ्यायचा असेल तर पहिला प्रकार सोडून द्या. आणि तिसऱ्या प्रकारासोबत फडकी धुणारा तळ, ज्याला सगळे डॉक म्हणतात, तो असेल तरच घ्या.

असा डॉक आला की पाण्याचा विषय निघतो. त्यात साधारण ३ ते ४ लिटरची स्वच्छ पाण्याची आणि तेवढीच गढूळ पाण्याची टाकी असते. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी रोज भरलं तर बारीक नळ्या, पंप आणि फवाऱ्याच्या छिद्रांत क्षार बसतात. आधी एका बाजूचं फडकं कोरडं राहू लागतं, मग पंप घरघरतो. पाणी तापवणाऱ्या डॉकमध्ये हे लवकर होतं, कारण तापल्यावर क्षार जास्त वेगाने सुटतात. अनेक घरांत आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून लादीला वापरतात. सवय चांगली, पण ते पाणी रोबोत घालू नका. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. नगरपालिकेचं मऊ पाणी असेल तर उत्तम, नसेल तर आरओचं पिण्याचं.

फिनेलही नको. टाकीत ते पांढरं होऊन नळ्यांत चिकट थर धरतं आणि त्यातले तेलकट घटक रबरी सीलना मानवत नाहीत. ॲसिड, ब्लीच आणि कडक जंतुनाशकं तर मुळीच नकोत. नुसत्या पाण्यानेही काम भागतं. हवंच असेल तर कंपनीने सांगितलेलं, कमी फेसाचं द्रावण, सांगितलेल्या प्रमाणातच. फेस जास्त झाला तर गढूळ पाणी ओढणाऱ्या पंपात हवा शिरते आणि टाकी भरलेली नसताना ‘टाकी भरली’ अशी सूचना येते.

गढूळ पाणी रोज ओता. मुंबई-कोकणच्या दमट हवेत दोन दिवसांत त्याला असा वास येतो की घरच्यांचा पहिला संशय मोरीवर जातो. ज्या डॉकमध्ये गरम हवेने फडकी वाळवायची सोय आहे, ती पावसाळ्यात बंद करू नका. ती सोय नसेल तर फडकी काढून, साबणाने धुऊन, दोरीवर टाका. सॉफ्टनर वापरू नका, त्याने कापड पाणी धरेनासं होतं.

आणि रांगोळी. ती अगदी बारीक दगडी पूड असते. कोरडी ओढली तर फिल्टर काही मिनिटांत बुजतो, ओल्या फडक्याखाली आली तर तिचा राखाडी लेप हॉलभर होतो. दारातला आणि देवघरापुढचा भाग कायमचा प्रवेशबंद करून ठेवा. प्लास्टरची किंवा रंगकामाची धूळ याहून वाईट. घरात काम काढलं असेल तर ते संपून एकदा हाताने झाडून-पुसून होईपर्यंत रोबो खोक्यातच असू द्या.

पहिल्या दिवशी

डॉक, म्हणजे रोबो चार्ज व्हायला येऊन बसतो तो तळ, भिंतीला टेकवून, सपाट टणक फरशीवर ठेवा. दोन्ही बाजूंना अर्धा मीटर आणि पुढे दीड मीटर जागा मोकळी हवी. समोर आरसा किंवा थेट ऊन नको. रोबो शेवटच्या मीटरभरात डॉकचा अवरक्त संकेत शोधत येतो आणि उन्हात तो संकेत बुडतो. पहिल्यांदा बॅटरी पूर्ण भरू द्या.

ॲप जोडताना बहुतेकांचं अडतं ते वाय-फायवर. यांतली बरीच यंत्रं फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ओळखतात, आणि राउटरने २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाखाली ठेवलेले असतात. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडणीपुरती दोघांना वेगळी नावं द्या.

मग नकाशाची फेरी. सगळी आतली दारं सताड उघडी, पडदे वर खोचलेले, खुर्च्या रोज असतात तिथेच. ॲपमध्ये ‘फक्त नकाशा’ असा पर्याय असेल तर तो निवडा. त्यात झाडणं-पुसणं नसतं, काम दहा-पंधरा मिनिटांत होतं. नंतर खोल्या वेगळ्या करा, नावं द्या, आणि प्रवेशबंद जागा आखा: देवघर, एक्स्टेन्शन बोर्डचा कोपरा, कुंड्यांखालच्या ताटल्या, मांजराचं खाणं. गोधडी किंवा सतरंजी पसरायची जागा पुसण्यापुरती बंद ठेवा. रोबो फडकं वर उचलतो, पण ते उचलणं साधारण सेंटिमीटरभरच असतं.

पहिला आठवडा तो घरी कुणी असतानाच चालवा. कुठे अडकतो ते बघा आणि त्या जागा नकाशात आखत जा. वेळापत्रक त्यानंतर.

बिघडतं कुठे

तक्रार येते ‘ओढत नाही’ अशी. दहापैकी नऊ वेळा मोटर ठीक असते आणि फिल्टर बुजलेला असतो. आठवड्यातून एकदा तो कचऱ्याच्या डब्यावर आपटून झटका. धुता येणारा असेल तर महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने धुवा आणि २४ तास वाळू द्या, पावसाळ्यात ४८. ओला फिल्टर बसवला तर त्यावर धुळीचा चिखल होतो, वास येतो, आणि ओलावा पंख्यापर्यंत जातो. तीन ते सहा महिन्यांनी बदला. ज्या रोबोला पुसण्याची सोय नाही, त्याच्या वाटेत सांडलेलं पाणी आलं तर लगेच बंद करा, डबा काढा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय चालू करू नका.

लांब केसांचं घर असेल तर मुख्य ब्रश आठवड्यातून दोनदा काढावा लागतो. ब्रशवर दिसणारे केस कात्रीने कापणं सोपं. त्रास देतात ते दोन्ही टोकांच्या टोपणांखाली, बेअरिंगभोवती गुंडाळलेले. टोपण ओढून काढा, चिमट्याने केस उपसा. हे वर्षभर केलं नाही तर घर्षणाने टोकाचं प्लास्टिक वितळतं आणि ब्रशसोबत त्याची बैठकही बदलावी लागते. पुढचं मोकळं चाक सरळ ओढलं की निघतं, त्याच्या आसाभोवतीही केसांची गुंडाळी असते. ती वाढली की चाक फिरत नाही, घसटतं, आणि टाइल्सवर बारीक करडी रेघ उमटते.

जिन्याचे सेन्सर महिन्यातून एकदा कोरड्या मऊ कापडाने पुसा. त्यांवर धूळ बसली की रोबो पांढऱ्या फरशीवरही खड्डा बघतो आणि मागे मागे जात राहतो. लेसरच्या मनोऱ्याबद्दल सूचना आली तर बंद करून तो बोटाने फिरवा, सहसा खाली केस किंवा पोह्याचा तुकडा अडकलेला असतो. समुद्राजवळच्या घरांत चार्जिंगच्या पत्र्यांवर हिरवट-काळा थर धरतो आणि रोबो डॉकवर बसूनही चार्ज होत नाही. खोडरबराने घासलं तरी तो निघतो, फक्त आधी डॉकचा प्लग काढा.

कचरा आपोआप ओढून घेणाऱ्या डॉकमध्ये पिशवी असते, साधारण अडीच-तीन लिटरची. ती दीड-दोन महिने पुरते. दर वेळी दहा-पंधरा सेकंद मोठा आवाज होतो, तेवढं बाळ झोपलेलं असतानाचं वेळापत्रक टाळा.

वीज आणि बॅटरी

५,२०० मिलिअँपिअर-तास आणि १४.४ व्होल्टच्या बॅटरीत साधारण ७५ वॅट-तास मावतात. चार्जिंगमधली गळती धरून पूर्ण भरायला ०.१ युनिट, म्हणजे रुपयाच्या आसपास. पाणी तापवणं आणि फडकी वाळवणं याचा खर्च वेगळा. दिवे गेले तर चालू असलेला रोबो थांबत नाही, बॅटरीवर काम करत राहतो. पण डॉकचा संकेत बंद असतो, म्हणून परतताना तो जागेपर्यंत येऊन शोधत बसतो. वाय-फाय गेलं तरी रोबोवरचं बटण चालतं. गावाला महिनाभर जाणार असाल तर अर्धी-अधिक बॅटरी भरून रोबो पूर्ण बंद करा आणि टाक्या रिकाम्या करून उघड्या ठेवा. रिकाम्या बॅटरीवर महिनोन्‌महिने पडून राहिलेला रोबो पुन्हा चार्जच न घेण्याची शक्यता असते. बॅटरी फुगलेली दिसली तर वापर लगेच थांबवा आणि ती ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

कॅमेरा असलेला घ्यावा का

२०२२ च्या डिसेंबरात एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने छापलेल्या बातमीत रूम्बाच्या चाचणीतल्या यंत्रांनी टिपलेले घरांतले फोटो होते, त्यांत शौचालयात बसलेल्या एका स्त्रीचाही. ती यंत्रं विक्रीची नव्हती, पैसे घेऊन चाचणी करणाऱ्यांना दिलेली होती. फोटो फुटले ते चित्रांतल्या वस्तूंना नावं देण्याचं काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांकडून. २०२४ मध्ये अमेरिकेत इकोव्हॅक्स कंपनीचे काही रोबो बाहेरच्यांनी ताब्यात घेऊन त्यांच्या स्पीकरवरून घरातल्यांना शिव्या दिल्या. म्हणून कॅमेरा नकोच असं नाही, वायरी टाळायला तो उपयोगी पडतो. पण घरावर लांबून नजर ठेवायची सोय वापरत नसाल तर ती बंद करा, ॲपचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही न वापरलेला ठेवा, आणि बेडरूममध्ये कॅमेरा नको वाटत असेल तर सरळ लायडारचंच मॉडेल घ्या. यंत्र विकताना किंवा कुणाला देताना नकाशा आणि खातं दोन्ही पुसा.

भांडी, कपडे आणि हात

जमिनीवरचं काम जमलं, कारण जमीन सपाट असते आणि चूक झाली तरी काही फुटत नाही. वस्तू उचलायची म्हटली की गणितच बदलतं. हान्स मोरावेक या संशोधकाने १९८८ मध्येच लिहून ठेवलं होतं की यंत्राला पटावरच्या खेळासाठी लागणारं मोठ्यांचं डोकं देणं तुलनेने सोपं, वर्षाच्या मुलासारखं पाहणं आणि हालणं देणं फार कठीण. २०१० मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात एका रोबोने आधी न पाहिलेले टॉवेल उचलून नीट घड्या घातल्या. एका टॉवेलला वीस मिनिटांहून जास्त वेळ लागत होता. कापडाला स्वतःचा आकार नसतो. दर वेळी ते नव्या तऱ्हेने पडलेलं असतं आणि कोपरा कुठे आहे हे शोधण्यातच बहुतेक वेळ जातो. जपानमध्ये घड्या घालणारं लाँड्रॉइड नावाचं कपाट बनवणारी कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली.

२०२५ च्या सुरुवातीला रोबोरॉक कंपनीने केर काढणाऱ्या चकतीवरच घडीचा हात बसवून दाखवला. तो ३०० ग्रॅमपर्यंतची वस्तू उचलतो, म्हणजे मोजा किंवा हलकी स्लिपर. त्याच वर्षी ऑक्टोबरात वनएक्स कंपनीने निओ या माणसाच्या आकाराच्या घरगुती रोबोची नोंदणी सुरू केली, किंमत २०,००० डॉलर. न जमणारं काम आलं की कंपनीचा माणूस डोळ्यांवर व्हीआर हेडसेट (रोबोला दिसतं ते दाखवणारा चष्मा) लावून, लांबून त्याचे हात चालवतो, असं कंपनीच सांगते. म्हणजे केर-लादीपुढचं घरकाम यंत्राने अजून पूर्णपणे स्वतःच्या बळावर उचललेलं नाही, आणि भांडी घासायची असतील तर हात-पाय नसलेला डिशवॉशर आजही या सगळ्यांपेक्षा पुढे आहे.

घेताना

आधी टेप घेऊन घरभर फिरा: उंबरठे, सोफा-पलंगाखालची उंची, खुर्च्यांच्या पायांतलं अंतर (४० सेंटिमीटरहून कमी असेल तर रोबो मधे शिरत नाही, खुर्च्या टेबलावर चढवाव्या लागतील). मग फरशी बघा. घर एका पातळीवर, फिकट टाइल्सचं आणि पुसायला कुणी येत असेल, तर लायडारचं साधं मॉडेल पुष्कळ झालं. साधारण २० ते ३० हजारांत ते मिळतं. फडकी धुऊन वाळवणारा डॉक हवा असेल तर ५० हजारांपासून लाखापर्यंत तयारी ठेवा, आणि त्या डॉकला स्वयंपाकघरातल्या छोट्या कपाटाएवढी जागाही.

पैसे भरण्याआधी एक काम करा. त्याच मॉडेलचा मुख्य ब्रश, कडेचे ब्रश, फिल्टर, फडकी, डॉकच्या पिशव्या आणि बॅटरी भारतात सुटी मिळतात का, कितीला मिळतात, आणि तुमच्या शहरात दुरुस्तीचं केंद्र आहे की यंत्र कुरिअरने दुसऱ्या राज्यात पाठवावं लागतं, हे विचारा. जुनं खोकं सांभाळून ठेवा. लिथियमची बॅटरी असलेलं यंत्र साध्या पुठ्ठ्यात बांधलेलं असलं तर बरेच कुरिअरवाले घेत नाहीत.